पवनेच्या तीरावरून हान नदीच्या तीरीं

आमच्या चिंचवडच्या घरीं २०२४ सालच्या प्रारंभीं एक लहानसें वादळ झालें. माझ्या धाकट्या बंधूची कन्या त्या वेळीं पदवीच्या शेवटच्या वर्षांत होती. घरांतील दोन पिढ्या यंत्रविद्येंत गेलेल्या; तिनें वाङ्मयाची शाखा घेतली तेव्हांच घरच्यांनीं एक आवंढा गिळला होता. त्यांत एके रात्रीं, पानें वाढलीं असतां, तिनें सांगून टाकलें कीं, पुढील शिक्षणासाठीं आपण कोरियास जाणार, तेथील भाषा शिकणार, आणि त्या देशाची जुनी व नवी संस्कृति हाच आपल्या अभ्यासाचा विषय राहणार. तिच्या आईनें विचारलें, "तिकडे आपलें कोण आहे?" आमच्या मातोश्रींनीं विचारलें, "तिकडे खाशील काय?" हे दोन्ही प्रश्न रास्तच होते. माझा प्रश्न मात्र बोचरा होता. मीं म्हटलें, "जिला आपल्या आजीस चार ओळींचें पत्र शुद्ध मराठींत लिहितां येत नाहीं, तिनें कोरियन कशाला शिकावें? दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच."

ती कांहीं बोलली नाहीं. परंतु तो घाव तिला लागला होता, हें मला पुढें तिच्याच पत्रावरून कळलें.

कोरियन सरकारची शिष्यवृत्ति मिळाली आणि घरचा विरोध आपोआप मावळला. निघतांना ती पायां पडावयास आली, तेव्हां मीं तिला एक अट घातली. फोनवर घरच्यांशीं रोज हवें तितकें बोलावें. परंतु महिन्यास एक पत्र स्वहस्तें, शाईनें, देवनागरींत लिहून मला धाडावें. शिक्षकाची जित्याची खोड, दुसरें काय! हा लेख लिहितांना तीं पत्रें माझ्यापुढें आहेत. त्यांतील सार, माझ्या अल्पस्वल्प वाचनाची जोड देऊन, वाचकांपुढें ठेवावें असा मानस आहे. कारण आज आपल्या पुष्कळ घरांतून मुलेंमुली त्या देशाकडे डोळे लावून बसलीं आहेत, आणि घरचीं वडील माणसें, माझ्याप्रमाणेंच, त्यांस नीट विचारण्यापूर्वीं बोलून मोकळीं होतात.

हा ओढा आला कोठून?

ज्या चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीमुळें लोक ओळखीत, ज्याच्या एका अंगास देहू आणि दुसऱ्या अंगास आळंदी, त्या परिसराचें रूप गेल्या सत्तर वर्षांत पार पालटलें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. मागोमाग आकुर्डी, भोसरी, निगडी हीं गांवें यंत्रांच्या आवाजानें भरून गेलीं. ज्या चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाइस्तेखानाशीं झुंजविला, त्या चाकणच्या माळावर आज मोटारी तयार होतात. तळेगांवास तर ह्या गोष्टीचा जुना वारसा आहे. घरोघरीं एकेक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ सालीं तेथेंच सुरू झाला होता.

त्याच तळेगांवीं एका अमेरिकन कंपनीनें २००८ सालीं मोटारींचा मोठा कारखाना काढला. २०२० च्या अखेरीस तेथील काम थांबलें. २०२३ च्या ऑगस्टांत ह्युंदाई ह्या कोरियन कंपनीनें तो घेण्याचा करार केला, आणि २०२५ सालीं तेथून तिच्या मोटारी बाहेर पडूं लागल्या. नगर रस्त्यावर रांजणगांवीं एल्‌जी ह्या दुसऱ्या कोरियन कंपनीचा कारखाना त्यापूर्वींपासूनच आहे. उलट बाजूनें पाहिलें तर आपल्या महिंद्र कंपनीनें सांगयाँग ही कोरियन मोटार कंपनी २०११ सालीं आपल्या ताब्यांत घेतली होती आणि तिची रेक्सटन नांवाची गाडी चाकणला जोडली जात असे. तो संबंध २०२२ पर्यंत टिकला. कारखाना आला कीं त्यामागून माणसें येतात, माणसांमागून भाषा येते, आणि भाषेबरोबर दुभाष्याची गरजही येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत माध्यमिक शाळांतून शिकवावयाच्या परकी भाषांत कोरियनचें नांव घातलें गेलें, तें कांहीं उगाच नव्हे.

तथापि माझ्या पुतणीस तिकडे ओढून नेलें तें ह्या कारखान्यांनीं नव्हे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तिला ओढलें गाण्यांनीं आणि मालिकांनीं. बीटीएस ह्या सात तरुणांच्या गायकसंचाचीं चित्रें तिच्या खोलींत भिंतभर होतीं. 'पॅरासाइट' ह्या कोरियन चित्रपटास २०२० सालीं ऑस्करचा सर्वोच्च मान मिळाला, तेव्हां ती पहांटे उठून बसली होती. मला हें सारें पोरकट वाटे. परंतु विचार करतां आठवलें कीं, आपल्या वडिलांच्या पिढींत कितीएकांनीं केवळ शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांच्या गोडीनें बंगाली शिकून घेतली. मामा वरेरकरांनीं शरच्चंद्र मराठींत आणले, त्याचे मुळाशीं तरी प्रथम गोडीच होती. दार कोणतें, ह्यापेक्षां आंत शिरून मनुष्य काय पाहतो, हें महत्त्वाचें.

फळ्यापुढें झालेली फजिती

पहिलें पत्र सप्टेंबरांत आलें. मायना "प्रिय काका", अक्षर गिचमिड, आणि चुका मीं मोजल्या त्या एकेचाळीस. तांबड्या पेन्सिलीनें त्या सुधारून मीं तें पत्र परत धाडलें. घरांत सर्वांनीं माझी कानउघाडणी केली. पण मी हटलों नाहीं.

दुसऱ्या पत्रानें मात्र मला वरमविलें. सोल शहरांतील ज्या विद्यापीठांत ती पहिलें वर्ष केवळ भाषा शिकत होती, तेथें नाना देशांची मुलें एका वर्गांत होतीं. एके दिवशीं शिक्षिकेनें प्रत्येकास फळ्यापाशीं बोलावून आपापली लिपि लिहावयास आणि तिची व्यवस्था समजावून द्यावयास सांगितलें. मंगोलियाच्या मुलीनें आपली उभी लिपि झरझर लिहिली. थायलंडच्या मुलानें लिहिली. आमची कन्या उभी राहिली. क, ख, ग, घ इतकें लिहून अडली. पुढें तिनें चवर्गाआधीं टवर्ग घातला, आणि ङ व ञ हे दोघे तर फळ्यावर आलेच नाहींत. कोणीतरी विचारलें, "हा क्रम असाच कां?" तिला उत्तर देतां आलें नाहीं. पत्रांत तिनें लिहिलें होतें: "काका, तुम्ही निघण्यापूर्वीं जें म्हणालां होतां तें मला तेव्हां लागलें होतें. आज फळ्यापुढें तें पुन्हां लागलें. आपल्या वर्णमालेचा क्रम असाच कां, हें मला कोणीं सांगितलेंच नव्हतें, कीं मीं ऐकलें नव्हतें?"

हें वाचून मी बराच वेळ बसून राहिलों. मीं तीस वर्षें मराठी शाळेंत संस्कृत आणि मराठी शिकविलें. परक्यांच्या मुलांकडून वर्णांचीं स्थानें घोटून घेतलीं. पण घरांतील मुलांस इंग्रजी शाळेंत घालण्याचा प्रश्न निघाला तेव्हां मी गप्प बसलों. नव्हे, मान डोलाविली. मग दिव्याखालच्या अंधाराचा दोष त्या पोरीकडे कसा?

मीं तिला आठ पानांचें उत्तर लिहिलें. मुखाची आकृति काढून कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ हीं स्थानें दाखविलीं. वारा आंतून बाहेर येतांना ज्या क्रमानें तीं भेटतात त्याच क्रमानें आपले पांच वर्ग लागले आहेत, आणि प्रत्येक वर्गांत अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक अशी पायरी ठरलेली आहे, हें समजाविलें. तिसऱ्या पत्रांत तिचें जें उत्तर आलें त्यानें मीच विद्यार्थी झालों. तिनें लिहिलें, "काका, ह्यांची लिपिही मुखाचेंच चित्र आहे!"

राजानें केलेली अक्षरें

ती हकीकत अशी. कोरियांत पूर्वीं लेखन चिनी अक्षरांत होई. तीं अक्षरें सहस्रावधि. तीं शिकण्यास सरदार-पंडितांच्या मुलांसच फुरसत. सेजोंग नांवाच्या राजानें १४४३ सालीं नवी लिपि सिद्ध केली आणि १४४६ सालीं ती प्रजेस दिली. आमची भाषा चीनहून निराळी असल्यानें अडाणी प्रजेस मनांतलें सांगावयाचें असूनही लिहितां येत नाहीं, ह्याची कींव येऊन आपण हीं अक्षरें केलीं, असा आशय त्यानें प्रस्तावनेंत मांडला आहे. मूळचीं अक्षरें अठ्ठावीस. आज चौदा व्यंजनें आणि दहा स्वर अशीं चोवीस प्रचारांत आहेत. हिला आज हांगुल म्हणतात.

ह्या लिपींत व्यंजनांचे पांच गट आहेत, आणि प्रत्येक गटाचें मूळ अक्षर म्हणजे तो ध्वनि उच्चारतांना होणारी मुखाची ठेवण होय. क-सदृश ध्वनीचें चिन्ह सुताराच्या गुण्यासारखें आहे. जिभेचें मूळ वर उचलून घसा अडवितें, त्याचें तें चित्र. न-चें चिन्ह त्याच्या उलट वळलेलें, जिभेचें टोंक वर टेकल्याचें. म-चें चिन्ह चौकोनी, मिटलेल्या तोंडाचें. स-चें चिन्ह दातासारखें, आणि कंठ्य ध्वनीचें चिन्ह शून्यासारखें वाटोळें. मूळ चिन्हास एक रेघ वाढविली कीं ध्वनि जोरकस होतो. क-चा ख होतो तो असाच. स्वरांसाठीं तीन मूलचिन्हें घेतलीं: आकाशाचा बिंदु, पृथ्वीची आडवी रेघ, आणि त्यांच्यामध्यें उभ्या असलेल्या मनुष्याची उभी रेघ. मीं आरशापुढें उभें राहून हे ध्वनि उच्चारून पाहिले. साठी उलटलेला मनुष्य आरशापुढें तोंड वेंगाडतो आहे, हें पाहून घरच्यांची करमणूक झाली. पण सेजोंगाचें म्हणणें मला पटलें.

आपल्या प्रातिशाख्यांनीं जें सूक्ष्म निरीक्षण क्रमांत बांधलें, तेंच ह्या राजानें आकृतींत बांधलें. हें साम्य सर्वस्वीं योगायोगाचें नाहीं. बौद्ध भिक्षूंच्या द्वारें संस्कृत वर्णविचाराची छाया चिनी ध्वनिशास्त्रावर पडली होती, आणि सेजोंग व त्याचे पंडित त्या शास्त्रांत मुरलेले होते.

पंडितांचा विरोध मात्र झालाच. १४४४ सालीं छ्वे मान-री ह्या विद्वानानें राजास अर्ज केला कीं, चिनी अक्षरें टाकून निराळीं करणें हें रानटी लोकांच्या पंक्तीस जाऊन बसणें होय. हें वाचतांना आळंदीच्या शेजारीं राहणाऱ्या मनुष्यास कशाची आठवण व्हावी, हें का सांगावयास हवें? १२९० सालीं गीतेचा अर्थ मराठींत आणणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या आणि पुढें एकनाथांच्या वांट्यास पंडितवर्गाकडून जें आलें, तेंच तेथेंही आलें. हांगुललाही कित्येक शतकें बायकांची आणि अडाण्यांची लिपि म्हणून हिणविलें गेलें. आणि बायकांनींच ती घराघरांतून जिवंत ठेवली.

शब्दकोशासाठीं तुरुंग

१९१० सालीं जपाननें कोरिया गिळला. पुढल्या पस्तीस वर्षांत, विशेषतः शेवटल्या दशकांत, शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. लोकांस आपलीं नांवें सोडून जपानी धर्तीचीं नांवें घेण्यास भाग पाडलें गेलें. अशा काळांत कांहीं विद्वान एकत्र बसून कोरियन भाषेचा कोश रचीत होते. खेड्यापाड्यांतून शब्द गोळा करावे, चिठ्ठ्यांवर उतरावे, अर्थ ठरवावे, हाच त्यांचा अपराध. १९४२ सालीं त्यांची धरपकड झाली. दोघे तुरुंगांतच वारले. कोशाचें हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालें आणि नाहींसें झालें. १९४५ च्या ऑगस्टांत जपान हरला, आणि सप्टेंबरांत सोलच्या रेल्वे स्टेशनाच्या वखारींत कागदांचीं गाठोडीं सांपडलीं. तोच तो कोश! १९४७ पासून १९५७ पर्यंत तो सहा खंडांत प्रसिद्ध झाला.

दुसरी कथाही तशीच. सेजोंगाच्या अक्षरांमागील विचार सांगणारा १४४६ सालचा मूळ टीकाग्रंथ हरवलेला होता. १९४० सालीं त्याची एक प्रत उजेडांत आली. एका धनिक संग्राहकानें ती मोठी किंमत देऊन घेतली आणि जपानी राज्य जाईपर्यंत कोणास पत्ता लागूं दिला नाहीं. अक्षरें मुखाकृतीवरून केलीं, हें आज आपण खात्रीनें म्हणूं शकतों तें ह्या प्रतीच्या आधारें.

माझ्या कपाटांत दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड आहेत. १९३२ पासून ते निघाले. त्यांसाठीं कोणी तुरुंगांत गेलें नाहीं. आमच्यावर कोणीं भाषेची बंदी घातली नाहीं. आम्हीं ती आपल्या हातानें, मुलांच्या कल्याणासाठीं म्हणून, घरांत आणली. ९ ऑक्टोबरला कोरियांत अक्षरांचा म्हणून सार्वजनिक सण असतो. २०२४ सालीं त्याच्या अवघे सहा दिवस आधीं, ३ ऑक्टोबरला, आपल्या मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला होता. ग्वांगह्वामुन चौकांत सेजोंगाचा मोठा पुतळा आहे. त्या दिवशीं पुतळ्यापुढें उभी असतां आपल्याला एकदम 'अभिजात' हा शब्द शुद्ध लिहितां येईल कीं नाहीं अशी भीति वाटली, असें तिनें लिहिलें होतें. तो तिनें शुद्ध लिहिला होता.

सोंगप्योन आणि मोदक

आतां आमच्या मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळूं. कोरियन माणसाचें पान किमचीवांचून हलत नाहीं. कोबी किंवा मुळा मीठ, तिखट, लसूण लावून मुरवितात, ती ही किमची. थंडीपूर्वीं शेजारणी एकत्र जमून वर्षाची बेगमी करतात. ह्या किमजांग नांवाच्या रिवाजास २०१३ सालीं युनेस्कोच्या वारशांत स्थान मिळालें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पापड-कुरडयांसाठीं बायका जमत, तीच ही तऱ्हा. परंतु शाकाहारी माणसानें जपलें पाहिजे. किमचींत बहुधा खारविलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क असतो.

ह्यावर तोड निघाली ती बौद्ध मठांत. तेथील भिक्षूंचें अन्न पूर्ण शाकाहारी, आणि त्यांत लसूण, कांदा व त्यांच्या जातीच्या तिखट वनस्पति वर्ज्य. थोडक्यांत, वर्षभर चातुर्मास! अशा वर्ज्य पदार्थ पांच मानले आहेत आणि पांचव्याचें नांव हुंगगॉ. तो पदार्थ त्या देशांत उगवतही नाहीं. तो कोणता म्हणाल? आपला हिंगच, संस्कृत 'हिंगु' शब्द चीनमार्गें तेथवर पोहोंचला. आमच्या घरीं कांदालसणीस आळा असला तरी हिंगावांचून फोडणी होत नाहीं, हें त्या भिक्षूंस सांगितलें तर ते काय म्हणतील कोण जाणे.

त्यांचा मोठा सण छुसॉक. आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा हा त्याचा दिवस. नवें पीक हातीं येतें, सारा देश आपापल्या गांवीं जातो, सकाळीं पितरांपुढें अन्न मांडून नमस्कार घालतात आणि मग त्यांच्या थडग्यांची सफाई करतात. २०२४ सालीं छुसॉक १७ सप्टेंबरला आला. तोच आपल्या अनंत चतुर्दशीचा दिवस. ती जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. वसतिगृह ओस, दुकानें बंद, आणि पवनेच्या घाटावरचें विसर्जन हातांतल्या फोनवर पाहात ती एकटी बसलेली. त्या रात्रीं ती परत यावयास निघाली होती. तें तिनें आम्हांस वर्षभर सांगितलें नाहीं.

२०२५ सालीं तोच सण ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीस आला. ह्या वेळीं एका मैत्रिणीनें तिला आपल्या आजीच्या घरीं नेलें. आजीबाई सोंगप्योन करीत होत्या: तांदळाच्या पिठीची उकड, आंत तीळ किंवा कडधान्याचें गोड सारण, अर्धचंद्राचा आकार, आणि देवदाराच्या जातीच्या झाडाच्या पानांवर वाफविणें. जिच्या हातचें सोंगप्योन सुबक, तिला सुंदर कन्या होते अशी तिकडे समजूत आहे. आजीबाईंनीं विचारलें, "तुमच्याकडे असें कांहीं करतात का?" आमची कन्या उत्साहानें मोदक करून दाखवूं लागली आणि मुखऱ्या पाडतांना तिची उकड फाटली. घरीं दर चतुर्थीस मोदक खाल्ले होते. एकही वळला नव्हता. तेथूनच तिनें आईस फोन लावला. चिंचवडच्या स्वयंपाकघरांतून सूचना जात होत्या, आणि कोरियांतील एका खेड्यांत आजीबाई कळ्या पाडावयास शिकत होत्या. पुढच्या पत्रांत तिनें आकृति काढून मुखऱ्यांची संख्या कळविली होती: अकरा.

गंधर्वाचा झाला गुंड

मला सर्वांत गोडी लागली ती तिनें पाठविलेल्या शब्दांची. बौद्ध धर्म चौथ्या शतकांत चीनच्या वाटेनें कोरियांत गेला. ३८४ सालीं पॅकचे राज्यांत तो नेणारा भिक्षु मारानान्ता हा भारतीय होता असें तेथील इतिहास सांगतो. त्याबरोबर संस्कृत शब्द गेले आणि रोजच्या बोलण्यांत मुरले. क्षणास कोरियनमध्यें 'छाल्ना' म्हणतात, तो 'क्षण'च. एखाद्याची अप्रतिष्ठा झाली कीं तेथील तरुण म्हणतात, तो 'नाराक'मध्यें पडला. तो आपला 'नरक'. जेथें गोंधळ माजला तें 'आसुराजांग', असुरांचें रणांगण. आणि 'गॉन्दाल' म्हणजे उनाड गुंड; हा शब्द 'गंधर्व'! ज्या पुण्यांत बालगंधर्वांच्या नांवानें रंगमंदिर उभें आहे, तेथील वाचकांस हें ऐकून अंमळ दुःख होईल. पण गाण्याबजावण्यांत रमणारा तो रिकामटेकडा, हा जगाचा हिशेब सर्वत्र सारखाच दिसतो.

ह्येछो नांवाचा कोरियन भिक्षु आठव्या शतकांत भारतांत येऊन फिरून गेला. त्याच्या प्रवासवृत्ताचें हस्तलिखित १९०८ सालीं चीनमधील तुनह्वांगच्या गुहेंत मिळालें. हेइन्सा येथील मठांत तेराव्या शतकांत कोरलेल्या बौद्ध ग्रंथांच्या ८१,२५८ लांकडी फळ्या आजही सुरक्षित आहेत. मठाच्या नांवाचा अर्थ 'सागरमुद्रा'. आमची कन्या तेथें जाऊन आली. हवा खेळती राहावी म्हणून त्या भांडाराच्या पुढच्यामागच्या झरोक्यांचे आकार मुद्दाम लहानमोठे ठेवले आहेत, हें पाहून तिच्या अभियंता वडिलांसही त्या विषयांत रस वाटूं लागला. अयोध्येच्या राजकन्येनें इ. स. ४८ मध्यें समुद्रमार्गें जाऊन तेथील किम सूरो राजाशीं विवाह केला, अशी एक कथा तेराव्या शतकांतील ग्रंथांत आहे, आणि अयोध्येस तिचें स्मारकही २००१ सालीं झालें. ती कथा म्हणूनच घ्यावी. परंतु कोरियन माणूस ती सांगून पाहुण्यास जवळ करतो, हें खरें.

तीन डिसेंबरची रात्र

३ डिसेंबर २०२४ रोजीं दिवेलागणीच्या वेळीं बातमी आली कीं, कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं लष्करी अंमल पुकारला. तिच्या आईच्या हातांतील निरांजन तसेंच राहिलें. फोन लागेना. कोणीं काय बोलावें तें सुचेना. मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या. तासाभरानें तिचा आवाज ऐकूं आला: "मी खोलींतच आहे. लोक संसदेकडे निघाले आहेत." त्या रात्रीं कांहीं प्रतिनिधींनीं कुंपणावरून उड्या मारून सभागृह गांठलें आणि मध्यरात्रीनंतर एकमतानें तो हुकूम रद्द करण्याचा ठराव केला; पहांटेपूर्वीं लष्करी अंमल उठला. राष्ट्राध्यक्षांस पुढें ४ एप्रिल २०२५ रोजीं घटना न्यायालयानें पदच्युत केलें.

त्या महिन्याचें पत्र सर्वांत लांब होतें. पुढल्या आठवड्यांत जे निषेध झाले, त्यांत तरुण मुली गायकांच्या जलशांत हलवावयाचे रंगीत दिवे घेऊन उभ्या होत्या आणि तींच गाणीं म्हणत होत्या. "काका, ज्यांना तुम्ही पोरकट म्हणत होतां तेच हे दिवे," असें तिनें लिहिलें. मीं तो टोमणा मुकाट्यानें घेतला.

तेथील सुखाची दुसरी बाजूही तिनें झांकली नाहीं. नोव्हेंबरांत विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा असते. इंग्रजी श्रवणाच्या वेळीं विमानांचीं उड्डाणेंही थांबवितात, इतका तिचा दरारा. शाळा सुटल्यावर मुलें रात्रीपर्यंत खासगी वर्गांत असतात. नोकरींत तेंच ओझें. एका स्त्रीमागें जन्मणाऱ्या मुलांचें प्रमाण २०२३ सालीं ०.७२ वर आलें. इतकें कमी प्रमाण जगांत क्वचितच आढळतें. वडिलांपुढें गुडघे टेकणाऱ्या त्या समाजांत एकाकी वृद्ध पुष्कळ आहेत. आमच्या प्राधिकरणांतील बंगल्यांतून, मुलें परदेशीं असलेलीं जीं जोडपीं संध्याकाळीं फाटकाशीं उभीं दिसतात, तीं मला हें वाचतांना आठवलीं.

एकदां ती उत्तर-दक्षिण कोरियांमधील सीमेकडे जाऊन आली. तेव्हां मीं तिला कळविलें कीं, १९५३-५४ सालीं त्याच भागांत, मायदेशीं परतण्यास तयार नसलेल्या सुमारें बावीस हजार युद्धकैद्यांची राखण भारतीय सेनेनें केली होती, आणि त्या सेनेचे प्रमुख कोल्हापूरकडील जनरल शंकरराव थोरात होते. तिला हें माहीत नव्हतें. तिच्या कोरियन मैत्रिणीसही नव्हतें. दोघींनीं मिळून त्यावर एक निबंध लिहिला.

पालकांस दोन शब्द

ज्यांच्या घरीं हा प्रश्न उभा आहे त्यांनीं इतकें ध्यानांत घ्यावें. कोरियन सरकारच्या शिष्यवृत्तींत शिक्षणशुल्क, प्रवास व निर्वाहवेतन मिळतें. पहिलें वर्ष भाषेचें. सहा पायऱ्यांच्या परीक्षेंतील तिसरी पायरी गांठल्यावर पुढील पदवीचा अभ्यास सुरू होतो. थंडी कडक असते, पण घरांतील जमीन खालून ऊब देऊन तापविण्याची तेथील जुनी पद्धति, ओंदोल, आज नव्या इमारतींतही आहे. वाक्यरचनेंत क्रियापद शेवटीं येतें आणि मान देऊन बोलण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत; त्यामुळें मराठी मुलास ती भाषा इंग्रजीइतकी परकी वाटत नाहीं. मात्र जाण्यापूर्वीं मुलाकडून आपली वर्णमाला एकदां क्रमानें म्हणवून घ्यावी. त्याला ती येत नसेल, तर रागावण्यापूर्वीं आपण ती केव्हां शिकविली होती, हें आठवून पाहावें.

गेल्या आठवड्यांत तिचें नवें पत्र आलें. मायना "तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार" असा. तिनें विचारलें आहे कीं, 'मुखरी' आणि 'कळी' ह्यांत कांहीं भेद आहे काय, आणि दाते-कर्व्यांच्या कोशांत त्याविषयीं काय दिलें आहे. तेथल्या आजीबाईंस तिला नेमकें सांगावयाचें आहे. पत्रांत तीन चुका होत्या. मीं तांबडी पेन्सिल उचलली, आणि पुन्हां खणांत ठेवून कोशाचा खंड काढावयास उठलों.